नळावरची घागरवाली

पुतळा दिसला की माझं डोकं फिरतं. लोक हार घालतात, हात जोडतात, पुढं उभं राहून फोटो काढून घेतात, आणि मी रस्ता बदलते. भाची विचारते, "मावशी, दगडमातीचा तुले येवढा राग काऊन येते?" तिला मी आजवर धड उत्तर दिलेलं नाही. आज लिहूनच टाकते, म्हणजे पुन्हा पुन्हा तोंडची वाफ दवडायला नको.

माझं लहानपण अमरावतीचं. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं, मोठा साहेब नागपूरला बसायचा आणि आमच्यापर्यंत त्याचं नाव तेवढं यायचं. आम्ही महार. आमची वस्ती परकोटाबाहेर, नाल्याच्या काठाला. बा कापसाच्या प्रेसमध्ये गाठी बांधायचा आणि माय एका शेठच्या जिनमध्ये कापूस निवडायला जायची. शाळा नसली की मी तिच्याबरोबर जायचे, त्यामुळे त्या भागातले सगळे पुतळे मला तोंडपाठ होते.

वेशीच्या कमानीवर दोन दगडी सिंह होते. एकाचं तोंड पावसानं झिजून पार मांजराचं झालं होतं. पुढं शेठची हवेली. तिच्या सज्जाखाली चुन्याच्या पऱ्या तुताऱ्या फुंकत उभ्या, आणि दर दिवाळीला त्यांच्या गालांना नवा गुलाबी रंग. जिनच्या फाटकावर सिमेंटचे दोन शिपाई, खांद्यावर सिमेंटच्याच बंदुका. त्यातल्या एकाच्या बुटावर बायका पान खाऊन थुंकायच्या, कारण तो म्हणे हुबेहूब मुकादमासारखा दिसायचा. बागेत विलायतेच्या राणीचा संगमरवरी अर्धपुतळा होता. तिच्यावर कबुतरं बसू नयेत म्हणून एक माणूस काठी घेऊन दिवसभर राखण करायचा, आणि तिला ऊन लागू नये म्हणून वर दगडी छत्री बांधलेली होती. आमच्या अख्ख्या वस्तीला सावलीला एक कडुनिंब होता. पण मला तेव्हा हे सगळं मजेचं वाटायचं. पुतळ्यांकडे बघायला आम्हाला कोणी मनाई केलेली नव्हती.

पाण्याची गोष्ट वेगळी. वेशीच्या आतल्या विहिरीला आम्ही हात लावायचा नाही. वस्तीजवळचा नाला शहराची घाण घेऊन यायचा, म्हणून माय वरच्या अंगाला, पार शेतांच्या बाजूला जायची, वाळूत झिरा खोदायची आणि वाटी वाटी पाणी गुंडात भरायची. डोक्यावर पितळी गुंड, कमरेवर घागर, आणि ढेकळांतून, वाळूतून, दगडांतून परतीचा रस्ता. माझी माय पायाखाली न बघता चालायची. मान ताठ, पाठ ताठ, थेंब सांडायचा नाही. जिनमधल्या बायका म्हणायच्या, ही महारीण आहे का राणी?

हेच नेमकं शेठच्या भाच्याच्या डोळ्यांत भरलं.

हा भाचा मुंबईच्या चित्रशाळेतून शिकून आलेला होता. गोरा, किडकिडीत, धोतरावर कोट घालणारा. शेठला आपल्या मेलेल्या आईच्या नावानं वेशीच्या आतल्या चौकात सार्वजनिक नळ बांधायचा होता. वडाळीच्या तलावाचं पाणी तेव्हा नळानं शहरात आलं होतं. शेठ म्हणत होता की नळावर गंगेची मूर्ती बसवू, मगरीवर बसलेली. भाचा म्हणाला, मगर इथं कोणी पाहिली आहे? इथली बाई बसवू, पाणी भरणारी. आणि एके दिवशी त्यानं मायला जिनच्या फाटकावर थांबवलं.

त्यानं मायला "अहो बाई" म्हटलं. हे मला लख्ख आठवतं, कारण माय दचकून मागं बघायला लागली होती, की हा कोणाशी बोलून राहिला.

हवेलीच्या मागच्या आवारात, गोठ्याजवळ, माय त्याच्यासमोर उभी राहायची. मी फाटकापाशी बसायचे. पहिल्या दिवशी तिनं रिकामं गुंड डोक्यावर घेतलं तर भाचा म्हणाला, "नाही, रिकाम्यानं मान तशी राहत नाही. भरलेलं पाहिजे." मग हवेलीच्या विहिरीतून गड्यानं पाणी काढलं आणि लांबून, हात उंच धरून आमच्या गुंडात ओतलं. माय उन्हात उभी राहिली. तो ओल्या शाडूचा गोळा दाबत होता, मधेच जवळ येऊन तिच्या कानाकडे, हनुवटीकडे, हातावरच्या गोंदणाकडे बघत होता. तिच्या उजव्या हातावर विंचू गोंदलेला होता, नांगी वर केलेला. तोही त्यानं शाडूत काढला. काम झालं तेव्हा मायनं विचारलं, "साहेब, हे पानी घरी नेऊ का जी?" तो हसला आणि म्हणाला, "न्या की." त्या विहिरीचं पाणी गोड होतं. माझी माय त्या पाण्यासाठी उन्हात उभी राहत होती, हे त्याला शेवटपर्यंत कळलं नसावं. ज्या मानेवर तो भाळला, ती मान आम्हाला विहिरीवर येऊ न दिल्यामुळे तशी झाली होती. असलं काही त्याच्या चित्रशाळेत शिकवत नसतील.

पुतळा सिमेंटचा झाला, माणसापेक्षा थोडा मोठा. उद्घाटनाला बँड आला, गोरा साहेब आला, त्यानं दोरी ओढली आणि कापड खाली पडलं. आम्ही चौकाच्या कडेला, नालीच्या अलीकडे उभे होतो. आमच्याजवळ म्हातारा भिस्ती उभा होता, पाठीवर पखाल घेऊन. शहरात नळ येण्याआधी तो घरोघर पाणी द्यायचा आणि आता दुकानांसमोर धूळ बसवायला रस्त्यावर पाणी मारायचा. आम्ही त्याला चाचा म्हणायचो. त्यानं पुतळ्याकडे पाहिलं, मग मायकडे पाहिलं आणि मोठ्यानं म्हणाला, "अरी, ये तो तेरी माँ खड़ी है!"

"चूप बसा चाचा," माय म्हणाली आणि पदर तोंडावर ओढला.

पण ती मायच होती. तीच मान. डोक्यावर गुंड, कमरेवर तिरपी धरलेली घागर, आणि त्या घागरीतून पाण्याची धार खालच्या कुंडात पडत होती. कुंडाच्या बाजूला पितळी तोट्या. खाली संगमरवराच्या पाटीवर लिहिलं होतं: "सर्व लोकांच्या उपयोगाकरिता". मी नुकतीच वाचायला शिकले होते, शाळेत दाराबाहेर बसून. मी ती पाटी मायला मोठ्यानं वाचून दाखवली आणि तिनं ती माझ्याकडून पुन्हा वाचून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गुंड घेऊन नळावर गेली. मला वाटतं, तिच्या आयुष्यात तिनं केलेली ही एकच भोळी गोष्ट. तोटीला हात लागायच्या आधीच बायकांनी कल्ला केला. एकीनं तर आपली भरलेली कळशी ओतून टाकली आणि पाण्याच्या त्या ओघळाकडे बोट दाखवत मायला शिव्या घातल्या. मग ठरलं तसंच, जसं विहिरीवर होतं. आम्ही नालीच्या अलीकडे थांबायचं, कोणाला दया आली तर त्यानं वरून ओतायचं. दया बहुतेक चाचालाच यायची. तो पखाल भरायला आला की आधी आमची गुंडं भरून द्यायचा.

म्हणजे बघा. चौकाच्या मधोमध माझी माय उभी, तिच्या घागरीतून अख्ख्या पेठेला पाणी. आणि नालीच्या अलीकडे माझी माय उभी, रिकामं गुंड घेऊन, तोंडाकडे बघत. हे लिहिताना आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

मायला मात्र राग आलेला दिसत नव्हता. निदान तेव्हा. आमच्या घरात आरसा म्हणजे एक टिकली लावायचा तुकडा, त्याचाही अर्धा पारा उडालेला. स्वतःचा चेहरा तिनं एकसंध कधी पाहिलाच नव्हता. ती नालीपाशी उभी राहून पुतळ्याकडे टक लावून बघायची. एकदा हळूच मला म्हणाली, "वं पोरी, माहं नाक खरंच असं हाय का?" मी म्हटलं, असंच आहे. "चांगलं हाय," ती म्हणाली. "मले वाटे नकटं हाय." त्यानंतर जिनला जाताना ती मुद्दाम चौकातून जायची. मला तिचं हसू यायचं आणि कौतुकही वाटायचं.

मग पेठेनं तिची देवी केली. कसं झालं, कोणी सुरू केलं, ठाऊक नाही. आमच्याकडे पाणी असेल तिथं सातीआसरा असतात, पाण्यातल्या बहिणी; विहिरीवर, डोहावर त्यांच्या नावानं दगडाला कुंकू लागतं. इथं तर घागर घेतलेली बाईच उभी होती. कोणीतरी तिच्या अंगठ्याला कुंकू लावलं. मग हिरव्या बांगड्या आल्या, खणानारळानं ओटी भरली गेली. नवीन सून घरात आली की आधी घागरवालीच्या पायावर घालायची. पोराचा ताप उतरेना की तिच्या घागरीखाली तांब्या धरायचा आणि ते तीर्थ पाजायचं. बाजारात कापसाचं पहिलं बोंड आलं की ते तिच्या पायाशी. शेठ खूश होता. त्याचा नळ देवस्थान झाला होता.

एका नवरात्रातली सकाळ होती. बायका अंबादेवीचं दर्शन घेऊन परतताना चौकात थांबल्या होत्या. एका वकिलाची बायको, अंगानं भरलेली, जरीचं लुगडं नेसलेली, तिनं घागरवालीची ओटी भरली, पाय धुतले, आणि वाकून दोन्ही पावलांवर कपाळ टेकवलं. नालीच्या अलीकडे माय केव्हाची उभी होती. चाचा अजून आला नव्हता आणि जिनचा भोंगा व्हायला आला होता. उशीर झाला की मुकादम परत पाठवायचा.

"बाई," माय म्हणाली, "येवढं गुंड भरून द्या जी. भोंगा होऊन राह्यला."

वकिलीणबाईनं मान वळवून पाहिलं. "दिसत नाही का तुले, पूजा चालू आहे? मागं हो. सावली पडते ना देवीवर."

मायनं आपल्या सावलीकडे पाहिलं. सकाळची लांब सावली नालीवरून पलीकडे गेली होती आणि पुतळ्याच्या पायाशी पोचली होती. आत्तापर्यंत तिनं काय काय गिळलं होतं ते सगळं त्या क्षणी वर आलं असावं. तिनं गुंड खाली ठेवलं.

"कोन्ती देवी?" ती म्हणाली. "थे मी होय. माह्याच पायावर डोस्कं ठेवलं तुमी आता. पाहा. हा इच्चू पाहा." तिनं बांगड्या वर सारल्या आणि उजवा हात पुढं धरला. "आता तुमच्या देवीचा इच्चू पाहा."

सगळ्यांच्या माना आधी मायच्या हाताकडे आणि मग पुतळ्याच्या हाताकडे वळल्या. नांगी वर केलेला विंचू इथंही होता आणि तिथंही. वकिलीणबाईच्या हातातलं ताट कलंडलं. कोणी ओरडलं, कोणी लुगड्याच्या पदरानं कपाळ खसाखसा पुसायला लागलं. तेवढ्यात पखाल घेऊन आलेला चाचा मात्र पोट धरून हसत होता. मीही हसले. माझ्या मायचा मला इतका अभिमान पुढं कधी वाटला नाही.

दुपारी शेठच्या ओट्यावर पेठेतली मोठी माणसं जमली. मायला बोलावणं आलं. ती खाली रस्त्यावर उभी राहिली आणि मी तिचं लुगडं धरून. प्रश्न असा होता की पुतळ्याचं करायचं काय. महारणीचा म्हणावा तर फोडायला हवा. पण तिची ओटी भरलेली, तिचं तीर्थ पोटात गेलेलं. फोडला तर कोप होईल. मग कोणीतरी म्हणालं, ज्यानं केला त्यालाच विचारा, चेहरा कोणाचा आहे.

भाचा आतून आला. पांढरे कपडे, बोटांना शाडू लागलेला. मला वाटलं, आता हा सांगेल. "अहो बाई" म्हणणारा माणूस खोटं कशाला बोलेल?

"चेहरा कोणाचाच नाही," तो म्हणाला. "माझ्या कल्पनेतला आहे. ह्या बाईंना जिनमध्ये कधी पाहिलं असेल, मला आठवत नाही."

तेव्हाही त्यानं "बाईंना" म्हटलं. सभ्यपणा सुटला नाही त्याचा.

"मंग इच्चू?" मायनं विचारलं.

"अशी गोंदणं पुष्कळ बायकांना असतात."

माय त्याच्याकडे बघत राहिली. घरी येताना ती चौकातून आली नाही.

चार दिवसांनी पुतळ्याभोवती बांबूचे तट्टे उभे राहिले. दुरुस्ती आहे, असं सांगितलं गेलं. तट्टे निघाले तेव्हा घागरवालीला तोंड नव्हतं. गळ्यापासून केसांपर्यंत तेलात कालवलेला शेंदूर, जाड, लालभडक, आणि त्यात बसवलेले चांदीचे दोन डोळे. हातावरचा विंचूही शेंदरात बुजवलेला. पेठ पेचातून सुटली. देवी राहिली आणि महारीण गेली. ब्राह्मणानं होम केला, लाडू वाटले गेले. दर अमावस्येला नवा शेंदूर चढू लागला, आणि चेहऱ्याच्या जागी हळूहळू नुसता गोळा झाला.

मायला जिनमधून काढून टाकलं. आम्हाला पाणी द्यायचं नाही अशी तंबी चाचाला मिळाली. तो तरीही काही दिवस लपूनछपून द्यायचा, मग त्याचंही बंद झालं. माझ्या बाला अकोल्याला प्रेसमध्ये काम मिळालं आणि आम्ही बिऱ्हाड हलवलं. पुढं मी दवाखान्यात नर्सचं काम शिकले. पांढरं लुगडं नेसून लोकांच्या घरी बाळंतपणं करायला जाऊ लागले. कळा येत असताना जात कोणी विचारायचं नाही. बाळ रडलं की विचारायचे.

अकोल्यात फोटोचं दुकान होतं. माझा पहिला पगार झाला तेव्हा मी मायला म्हटलं, चल, तुझा फोटो काढू. ती खुर्चीवरून उठलीच नाही. "कायले फोटो?" ती म्हणाली. "माहा पुतळा हाय ना अमरावतीले." मी म्हटलं, माय, त्याच्यावर हातभर शेंदूर आहे. "शेंदूर काय, निंगते," ती म्हणाली. "म्हातारा झाला का शेंदूर आपोआप गयून पडते. मारोतीचा नाही का पडला आपल्या गावच्या? आत मी हाय तशीच हाय. तू जाय तवा पाहाले."

हे खरं होतं. शेंदराचा थर फार जाड झाला की एक दिवस त्याचं कवच सुटतं आणि आतली मूळ मूर्ती निघते. आमच्याकडे त्याची जत्रा होते. माय त्या दिवसाची वाट बघत होती. भांडण झालं की म्हणायची, माझ्याशी नीट बोल, माझा पुतळा आहे. आजारी पडली तेव्हाही मी फोटोवाल्याला घरी आणते म्हटलं तर तिनं मान फिरवली. "असं वायलेलं तोंड कायले काढतं? तिथलं पाह्य. तरणी हावो मी तिथं." ती गेली तेव्हा माझ्याकडे तिचा एकही फोटो नव्हता. तिचा चेहरा जगात एकाच ठिकाणी होता.

पुढच्याच वर्षी, पावसाळा संपता संपता, अमरावतीहून आलेल्या एका बाळंतिणीच्या आईनं बोलता बोलता सांगितलं, "घागरवालीचं कवच गयलं ना बाई! लोकं नुसते लोटून राह्यले दर्शनाले." माझ्या हातातलं बाळ मी तिच्या मांडीवर दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं बडनेऱ्याला उतरले आणि तिथून अमरावतीला.

चौक ओळखू आला. वेशीवरचा मांजरतोंड्या सिंह तसाच. नळाभोवती झेंडूच्या माळा, बायकांची गर्दी. मी पदर सावरत पुढं घुसले. मान दिसली. तीच मान, ताठ. शेंदराच्या खपल्या कुंडात पडल्या होत्या आणि पाणी लाल झालं होतं. मी वर पाहिलं.

चेहरा नव्हता. कपाळ, नाक, ओठ, हनुवटी, सगळं छिन्नीनं खरवडून सपाट केलेलं. आडवेउभे घाव दिसत होते. हे झिजल्यानं किंवा पडझडीनं झालेलं नव्हतं. शेंदूर चढवायच्या आधीच कोणीतरी एक एक करून सगळं काढून टाकलं होतं. उजव्या हातावरही तसंच. विंचवाच्या जागी खड्डा.

बायका आपसात बोलत होत्या की देवीनं रूप लपवलंय, आता नवं तोंड बसवायचं, मुंबईहून छापील तसबीर मागवली आहे, तसंच गोरं आणि हसरं करायचं.

नालीच्या कडेला चाचा बसलेला होता. फार म्हातारा झाला होता, पखाल कधीच सुटलेली. मी समोर बसले आणि कोणाची मुलगी ते सांगितलं. त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही.

"कोणी केलं, चाचा?"

"साहब ख़ुद आया था, सेठ का भांजा," तो म्हणाला. "छन्नी-हथौड़ी लेके. टट्टे के अंदर. मैं बाहर पानी मार रहा था, मैंने देखा. रो रहा था, बेटी."

"आणि तुम्ही मायला सांगितलं नाही?"

"कैसे बोलता? वो पानी लेते वक़्त रोज़ बोलती थी, चाचा, अंदर मैं हूँ."

मी चाचावर ओरडले. ज्या एका माणसानं आम्हाला पाणी दिलं त्याच्यावर भर चौकात ओरडले, की तुम्ही सांगितलं असतं तर मी तिचा फोटो काढला असता, तिला उचलून नेऊन काढला असता. आणि तो भाचा रडत होता म्हणे. रडला असेल. स्वतःच्या कामावर छिन्नी चालवताना कारागिराचं काळीज तुटत असेल. माझ्या मायला त्याचं काय? तोंडानं खोटं बोलला तेव्हा डोळ्यांत पाणी आलं नाही, हातानं केलं तेव्हा आलं.

ओरडून घसा सुकला होता. नळावरची एक तरणी बाई मघापासून माझ्याकडे बघत होती. माझं पांढरं लुगडं, पायातल्या चपला पाहून तिला मी कोणी मोठ्या घरची वाटले असावे. तिनं आपला तांब्या घागरीच्या धारेखाली धरून भरला आणि आपण होऊन माझ्यापुढं केला. "घ्या बाई, उन्हाच्या आल्या. देवीचं तीर्थच हाय."

मी तांब्याला तोंड लावून प्याले. पाणी थंड होतं. तांब्या परत देताना म्हटलं, "थे माही माय होय."

"सगळ्यायचीच माय हाय ना ते," ती हसून म्हणाली.

"तसं नाही. खरीखुरी माय होय. नाल्याकाठच्या महारवाड्यातली. तिले इथं पानी भरू देत नव्हते."

तिचं हसू जागच्या जागी विरलं. ती भांडली नाही, शिवीही दिली नाही. काळ बदलला होता, आता लोक शिव्या देत नव्हते. तिनं खाली वाकून मूठभर माती घेतली, तांब्या आतून-बाहेरून घासला आणि धुवायला धरला. धरला तोही त्या धारेखालीच. माझा विटाळ ती माझ्याच मायच्या घागरीच्या पाण्यानं धुवत होती.

मी चपला काढल्या. पदर खोचला, कुंडाच्या कठड्यावर चढले, झेंडूच्या माळा बाजूला सारल्या आणि मायच्या घागरीच्या काठाला तोंड लावून पोटभर पाणी प्याले. नाकात गेलं, लुगडं भिजलं, तरी प्याले. मग तिच्या कमरेला धरून मी खालच्या गर्दीकडे वळले.

"आता घासा," मी म्हटलं, "काय काय घासता थे."